उजवं मशीन

सुमन लांबून येताना दिसली की सुमंगला औषधांच्या खोलीत शिरायची आणि आधीच नीट रचलेली कापसाची पाकिटं पुन्हा रचत उभी राहायची. सुमन काही भांडायला येत नव्हती. ती आभार मानायला येत होती. तिचा नवरा पांडुरंग पोटाच्या मोठ्या ऑपरेशनातून सुखरूप उठून बसला होता, पेज जेवत होता, आणि हे सगळं सुमंगलाबायच्या हातगुणानं झालं असं ती वॉर्डभर सांगत सुटली होती. तिनं शिव्या दिल्या असत्या तर सुमंगलेनं मान खाली घालून ऐकून घेतल्या असत्या. आभारांना तोंड कसं द्यायचं ते मात्र तिला कळत नव्हतं.

डिचोलीतल्या त्या इस्पितळात सुमंगलेला अठरा वर्षं झाली होती. आधी ती रोग्यांना श्वासाचे आणि हातापायांचे व्यायाम शिकवायची. मग पुण्याहून डॉक्टर रूपाली आल्या आणि त्यांनी तिला सुयांचं काम शिकवलं. सुई म्हटल्यावर आपल्याकडे माणूस आधी दंड पुढे करतो, पण ही सुई औषधाची नव्हे. केसासारखी बारीक सुई गुडघ्याखाली चार बोटांवर, नडगीच्या बाहेरच्या अंगाला टोचायची, तिला तार जोडायची आणि तारेतून पायाला मुंग्या येतील इतपतच करंट अर्धा तास सोडायचा. ऑपरेशनच्या आधी दोन दिवस आणि ऑपरेशनच्या दिवशी सकाळी. झालं.

पोट कापायचं आणि करंट पायाला, असं ऐकून लोक हसायचे. डॉक्टर रूपाली न चिडता समजावायच्या. मोठं ऑपरेशन झालं की कधीकधी पोट राहतं बाजूला आणि फुप्फुसंच सुजतात. ज्यांनी खाणीची लाल धूळ वर्षानुवर्षं ओढली आहे, त्यांना तर ही भीती जास्तच. पायाच्या नसेतून मेंदूला निरोप जातो आणि तिथून अंगातली जळजळ आवरायचा हुकूम निघतो, असा त्यांचा होरा होता. उंदरांवर हे जमलं होतं. माणसांवर जमतं का, ते बघायचं होतं. "जमेलच असं मी कुणाला सांगत नाही, तुम्हीही सांगू नका," असं त्या सुमंगलेला पहिल्या दिवशीच म्हणाल्या होत्या.

बघायचं म्हणजे निम्म्यांना करंट द्यायचा आणि निम्म्यांना द्यायचा नाही. रोग्यांना तसं आधी सांगून सह्या घेतलेल्या असत. मशीनं दोन होती, जुळ्या भावांसारखी. दोन्ही पहिलं मिनिटभर करंट देत. मग त्यातलं एक गुपचूप थांबायचं, पण दिवे मात्र दोन्हींचे लुकलुकत राहायचे. खरं कुठलं आणि गप्प बसणारं कुठलं, ते सुमंगलेला ठाऊक नव्हतं, डॉक्टरांनाही नव्हतं. ती यादी मोहोरबंद होऊन मोठ्या डॉक्टरांच्या कपाटात पडली होती. कुणाला कुठलं मशीन, ते बंद पाकिटातली चिठ्ठी सांगायची. आता मशीनं ओळखायची कशी? डॉक्टर रूपालींनी एक मशीन फळीच्या उजव्या टोकाला ठेवलं, एक डाव्या, आणि त्यांवर कागद चिकटवले: 'उ' आणि 'डा'. पुण्याच्या बाईंना त्यात काहीच वावगं दिसलं नाही.

सुमंगलेला दिसलं होतं. डिचोलीत नाहीतर पेडण्यात कुणालाही विचारा, उजवं-डावं म्हणजे इथे नुसती बाजू नव्हे. देवाला कौल लावतात तेव्हा मूर्तीच्या अंगावर दोन्हीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतात. मनातलं विचारायचं आणि हात जोडून वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर काम होणार, डावी पडली तर विषय संपला. घर बांधायचं असो, लग्न ठरवायचं असो, विहीर खणायची असो, उजवा कौल मिळाल्याशिवाय माणसाचा पाय उचलत नाही. तेव्हा मशीनवरचं ते 'उ' वाचलं की रोग्यांचे नातेवाईक खुलायचे आणि 'डा' वाचलं की गप्प व्हायचे. डॉक्टरांना वाटायचं, गोव्याची माणसं लहरी. ही अक्षरं बदला म्हणून सुमंगला एकदाच म्हणाली असती तर काम भागलं असतं. पण शिकलेल्या बाईनं असलं काही बोलायचं म्हणजे हसं व्हायचं, म्हणून ती बोलली नाही. आणि खरं सांगायचं तर तिलाही मनातून वाटायचं की उजवंच खरं असणार. वर्षभर ती त्याच विश्वासानं सुया टोचत होती.

अशात तिच्या भावाचं ऑपरेशन निघालं. बाबली तिच्याहून चौदा वर्षांनी मोठा. आईबाप लवकर गेले, तेव्हा ह्या बहिणीला सायकलच्या दांड्यावर बसवून मुळगावहून डिचोलीच्या शाळेत सोडणारा तोच. चोवीस वर्षं खाणीवर, धोंडे फोडायच्या मशीनपाशी उभा राहिला. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याच्या भुवयासुद्धा लाल असायच्या. घराणं गुरवाचं, त्यामुळे वाड्यावरच्या देवळात पाळी आली की आंघोळ करून तोच पाकळ्या लावायला बसायचा. सुमंगलेचं मोप्याच्या एका शिक्षकाशी जमत आलेलं लग्न डाव्या कौलानं मोडलं, तेव्हाही पाकळ्या बाबलीनेच लावल्या होत्या. पुढे तिचं लग्न दुसरीकडे झालं, संसार बरा झाला, आणि त्या गोष्टीवर दोघं पुन्हा कधी बोलली नाहीत. आता बाबलीच्या आतड्यात गाठ निघाली होती आणि छातीच्या फोटोत धुळीचे डाग होतेच.

रविवारी सकाळी तो भरती झाला. त्याच्याआधी अर्धा तास दोडामार्गकडचा पांडुरंग आला होता. खनिजाचा टिपर चालवणारा, पन्नाशीचा, त्याचीही छाती तसलीच. दोघांची ऑपरेशनं मंगळवारी. नियम असा की जो आधी येईल त्याला आधीच्या नंबराचं पाकीट, आणि ते रोग्याचं नाव वहीत लिहून झाल्यावर त्याच्या खाटेपाशी फोडायचं. सुमंगलेनं तेविसावं आणि चोविसावं अशी दोन्ही पाकिटं औषधांच्या खोलीत दार लोटून फोडली. तेविसाव्यात 'उ' होतं. चोविसाव्यात, म्हणजे तिच्या भावाच्या, 'डा'.

एवढी वर्षं दवाखान्यात काढलेली बाई, पण भावाच्या वाट्याला डावा आला आणि ती पार मुळगावची झाली. वही उघडी होती. तिनं आधी बाबलीचं नाव लिहिलं, वेळ टाकली साडेआठ. त्याच्याखाली पांडुरंगाचं नाव, वेळ नऊ. संपलं काम. अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं, आणि पुढे तिला सगळ्यात जास्त लाज ह्याचीच वाटली.

बाहेर येऊन तिनं बाबलीच्या खाटेपाशी उजवं मशीन मांडलं. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरून पांडुरंग म्हणाला, "बाय, तुमच्या भावाक आधी करून टाका. आमका काय घाई नाय."

तिनं सुया लावल्या आणि बाबलीच्या कानाशी वाकून हळूच सांगितलं, "दादा, उजवो आयलो."

बाबलीनं डोळे मिटून हात जोडले. दोन दिवस त्याच्या कपाळावर जी आठी होती ती गेली.

मग तिनं पांडुरंगाच्या पायाला डावं मशीन जोडलं. त्यानं मान उंच करून कागदावरचं अक्षर वाचायचा प्रयत्न केला. तिनं मशीन जरा वळवून ठेवलं.

"माजो खयचो गो बाय? उजवो काय डावो?"

"तां सांगूचा नसता," ती म्हणाली. नियम आठवायला तिला नेमकी हीच वेळ सापडली.

मंगळवारी दोन्ही ऑपरेशनं नीट पार पडली. गुरुवारी सकाळी पांडुरंग भिंतीला धरून चार पावलं चालला. त्याच सकाळी बाबलीला धाप लागली. दुपारपर्यंत त्याचे ओठ निळसर दिसायला लागले, छातीचा फोटो काढला तर दोन्ही बाजू पांढऱ्या. त्याला आयसीयूत हलवून श्वासाच्या मशीनवर घातलं. नळी घालताना सुमंगला पायाशी उभी होती. त्याचे पाय गार पडले होते आणि नडगीवर सुईची बारीक खूण अजून होती. उजव्या मशीनवर असूनही असं का, हे तिला उमगेना. देवाला आपलं करणं दिसलं, एवढंच तिला सुचलं.

शुक्रवारी डॉक्टर रूपालींनी मोठ्या डॉक्टरांकडून यादी मागून घेतली. रोगी असा अत्यवस्थ झाला तर त्याला काय मिळालं होतं ते बघायची मुभा असते. आयसीयूच्या दाराशी उभं राहूनच त्यांनी मोहोर फोडली. सुमंगला बाजूलाच होती.

"उजव्यात करंट नव्हता," डॉक्टर म्हणाल्या. "खरं मशीन डावं आहे. तुमच्या भावाला काहीच मिळालेलं नाही, तेव्हा करंटनं त्रास झाला ही शंका तरी गेली."

सुमंगलेनं भिंत धरली. डॉक्टरांना वाटलं, भावाच्या काळजीनं. त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. "असं बघा, एका माणसावरून काहीच ठरत नाही. करंट मिळाला असता तरी कदाचित हे झालंच असतं. नशिबाला दोष देऊ नका."

नशिबाचा दोष कुठे होता? नशिबानं नेमकं बाबलीच्याच वाट्याला खरं मशीन टाकलं होतं. बहिणीनं ते स्वतःच्या हातानं काढलं आणि बंद मशीन जोडून वर कानात सांगितलं, उजवो आयलो. आणि डॉक्टरांच्या त्या 'कदाचित'मुळे तिला धड रडताही येईना. मीच हे केलं असंही म्हणता येत नव्हतं आणि मी काही केलं नाही असंही म्हणता येत नव्हतं. घरी गेल्यावर वहिनी तिच्या गळ्यात पडून म्हणाली, "तू आसस म्हणान धीर आसा." त्या वेळी जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं सुमंगलेला झालं.

तेव्हापासून तिनं सुमनला चुकवायला सुरुवात केली. सुमन दिसली की मागचा जिना. सुमन हाक मारायची, ही फोन कानाला लावायची. एकदा लिफ्टपाशी सापडलीच, तर सुमननं तिचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. सुमंगलेनं ते चटका बसल्यासारखे ओढून घेतले. "ड्युटी आसा," असं काहीतरी पुटपुटली आणि निघून गेली.

पुढच्या मंगळवारी बाबलीच्या घशातली नळी काढली. तो वाचला. पण वाचला म्हणजे किती, ते दोन दिवसांत दिसलं. नाकात ऑक्सिजन असूनही चार शब्द बोलला की थांबायचा. आता देवळाच्या पायऱ्या त्याला जमतील असं डॉक्टर काही म्हणाल्या नाहीत, आणि त्यानेही विचारलं नाही.

गुरुवारी सकाळी सुमंगला त्याचं तोंड पुसत होती. तो छताकडे बघत म्हणाला, "सुमंगल, कौल उजवो होतो मगो?"

तिचा हात थांबला. हो म्हणायचं आणि पाणी आणायच्या निमित्तानं उठायचं, इतकं सोपं होतं. पण त्याच्या आवाजात देवावरचा राग नव्हता, कोडं होतं. आयुष्यभर ज्यानं पाकळ्या लावल्या तो माणूस आपलंच काही चुकलं असेल का, हे शोधत होता. त्याला तसा शोधत ठेवणं तिच्यानं होईना.

तिनं सांगितलं. दोन पाकिटं, वहीतल्या दोन वेळा, डावंच खरं होतं ते. सांगताना तिनं त्याच्याकडे बघितलं नाही, हातातल्या ओल्या फडक्याकडे बघत होती. "दादा, माज्यामुळा तुजी ही दशा झाली," ती म्हणाली आणि आता मात्र तिला रडू कोसळलं. "मी तुजा वायट केलंय."

बाबलीनं मान तिच्याकडे वळवली. मग म्हणाला, "माजा सोड."

तिनं फडकं खाली ठेवलं.

"तुका वाटला, उजवा खरा. होय ना?"

"होय."

"म्हणजे त्या पांडुरंगाक…" त्याला दम लागला. तिनं त्याच्या पाठीला हात लावला, त्यानं तो बाजूला केला. "त्येका तू मुद्दाम बंद मशीन लावलंस. तो गुदमरलो तर गुदमरां दी म्हणान."

सुमंगलेचं रडू जागच्या जागी थांबलं. आठ दिवस ती जळत होती ती भावासाठी. आपल्या हातून आपल्याच माणसाचं वाईट झालं, ह्याची ती लाज होती. पण मशीन तिला वाटलं तसंच असतं, उजवंच खरं असतं आणि तिकडे पांडुरंग निळा पडला असता, तर? तर ती आज वहिनीसोबत देवाला नारळ फोडून आली असती. सुमनच्या पाठीवर हात फिरवून तिला धीर देत बसली असती. आणि लाज वाटली असती का, ह्याचं उत्तर तिला ठाऊक होतं.

"तुज्या लग्नाच्या टायमाक," बाबली थांबत थांबत म्हणाला, "तू गाभाऱ्याच्या दाराशी माका म्हणालंस, दादा, उजवी पाकळी जरा सैल लाव. आठवता?"

आठवत होतं. सव्वीस वर्षांची होती ती. रडून डोळे सुजले होते.

"मी लावलंय?"

तिनं नकारार्थी मान हलवली.

"दोन दिस माज्या घशाखाली घास उतरलो नाय. पण लावलंय नाय." त्यानं डोळे मिटले. "जा. सांग तेंका. आज घरी जातत ते."

आधी ती डॉक्टर रूपालींकडे गेली. त्यांनी ओरडून बोलावं असं तिला फार वाटत होतं, पण त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी वही मागवली, त्या दोन वेळांखाली लाल रेघ ओढली आणि वरच्या समितीला पाठवायचं पत्र लिहायला घेतलं. दोन्ही रोगी अभ्यासातून बाद. वर्षभराच्या बाकी नोंदीही आता तपासाव्या लागणार. सुमंगलेनं ह्यापुढे मशीनला हात लावायचा नाही. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "उजव्या-डाव्याचं हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही हसाल असं वाटलं."

"हसले असते," डॉक्टर म्हणाल्या. "आणि मग बदललं असतं."

पांडुरंगाचं सामान बांधून झालं होतं. तो खाली गाडी बघायला गेला होता आणि सुमन खाटेवर एकटीच बसली होती, मांडीवर कापडी पिशवी. सुमंगला आपणहून समोर आलेली बघून तिचं तोंड एवढंसं होतं ते फुललं. पिशवी तिनं पुढे केली. आत ओले काजूगर होते, सोललेले, पांढरे शुभ्र, किलोभर तरी. किलोभर ओले काजू सोलायचे म्हणजे काय, ते सुमंगलेला सांगायला नको होतं. सुमनच्या बोटांची कातडी काजूच्या चिकानं काळी पडून सालपटं निघाली होती.

"उसळ करा," सुमन म्हणाली. "आमच्याच भाटातल्या काजींचे. तुमी खंयच गावलात नाय, कालपासून घेवन फिरतंय."

सुमंगलेनं पिशवी घेतली नाही. उभ्या उभ्याच तिनं सांगितलं, जितक्या थोड्या शब्दांत सांगता येईल तितक्या. मशीनं दोन होती. एकात करंट होता, एकात नव्हता. मी अदलाबदल केली. करंटचं तुमच्या नवऱ्याला गेलं आणि बंद माझ्या भावाला.

सुमनच्या डोळ्यांत पाणी आलं. ती उठली. "म्हणजे तुमच्या भावाचा होता तां तुमी आमका दिलात?" ती म्हणाली. "बाय! सख्ख्या भावाचा?"

वाट उघडी होती. पायसुद्धा पुढे टाकायची गरज नव्हती, नुसतं गप्प राहिलं असतं तरी पुरलं असतं. सुमंगलेला बाबलीचा हात आठवला, पाठीवरचा तिचा हात बाजूला करणारा.

"नाय," ती म्हणाली. "माका वाटला होता, तुमच्या वाट्याक इला तां खरा. म्हणान मी तां काढून भावाक दिलंय. तुमका बंद देवचा होता. माजा गणित चुकला म्हणान तुमी वाचलात."

हे समजायला सुमनला जरा वेळ लागला, आणि समजत गेलं तसं तिच्या तोंडावरचं एकेक काही विझत गेलं. ती खाली बसली. सोललेल्या बोटांनी पिशवीचा बंद पिळत राहिली. आता ही आरडाओरडा करील, वॉर्ड गोळा करील, ह्याची सुमंगला वाट बघत होती. तसं झालं असतं तर निदान काहीतरी फिटल्यासारखं वाटलं असतं.

खालून गाडीचा हॉर्न वाजला. सुमननं कपड्यांचं बोचकं उचललं, औषधांची पुडकी त्यात कोंबली आणि दारापर्यंत गेली. मग परत आली. काजूगरांची पिशवी तिनं खाटेवर ठेवली.

"ह्ये तुमका नाय," ती म्हणाली. "तुमच्या भावाक. मऊ शिजवन घाला."

आणि ती गेली. सुमंगलेनं पिशवी उचलली आणि आयसीयूकडे निघाली. जिन्यावर दोन नर्सा भेटल्या, त्यांनी काय आणलंय म्हणून विचारलं. ते आपल्यासाठी नाही, एवढंच तिनं सांगितलं.